विमानतळाआधी दवाखाना

मराठवाड्यातल्या घरात एखादं पोरगं सुन्न बसून राहू लागलं, रात्र रात्र जागू लागलं, धरलेली नोकरी महिन्यात सोडू लागलं, की वडीलधाऱ्यांचे ठरलेले उपाय सुरू होतात. लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. बाहेरचं काही आहे का ते बघून घ्या. महिनाभर मामाकडे धाडा, हवापालट होईल. अलीकडे या यादीत परदेशाची भर पडली आहे. 'इथली संगत सुटली की लाईनीला लागेल,' असं म्हणत एजंटाला पैसे भरले जातात. कधी हे घरच्यांचं नव्हे, त्या मुलाचं किंवा मुलीचंच स्वप्न असतं. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथं सगळं पहिल्यापासून सुरू करता येईल, असं त्यांना वाटत असतं.

विचार वेडगळ नाही. पोटासाठी घर सोडणं हिंगोली जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यातून टोळ्या ऊसतोडीला जातात, शिकलेली मुलं पुणे आणि हैदराबाद गाठतात, काही जण आखाती देशांची वाट धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि दहा हजार तरुणांना तिकडे पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. तेव्हापासून परदेशाची गोष्ट आयटीआय झालेल्या मुलाच्या घरीही होऊ लागली.

प्रश्न आहे तो मनाची तब्येत आधीच नाजूक असलेल्या माणसाचा. परदेश हा उपचार नव्हे. उपचार घेणाऱ्याने देश सोडूच नये, असाही काही नियम नाही. मात्र क्रम चुकवून चालत नाही: आधी प्रकृती, मग कागद, मग तिकीट. बहुतेक घरांत तिकीट आधी निघतं आणि गोळ्यांची आठवण बॅग भरताना होते.

त्रास जागेचा की आजाराचा?

काही दुःखं खरोखरच जागेशी बांधलेली असतात. भावकीचा वाद, गावातला छळ, जातीवरून मिळणारी वागणूक, मोडलेल्या लग्नाची रोजची चर्चा, पदवी घेऊनही न मिळणारं काम. अशा माणसाला जागा बदलल्यावर मोकळं वाटू शकतं. पण कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटणं हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज टिकलं, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. कानात आवाज येणं, सगळे आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी खात्री वाटणं, किंवा झोपेशिवाय दिवसेंदिवस अंगात उसळता जोर असणं, ही लक्षणं त्याहून तातडीची. ती पासपोर्टवर बसून सोबत येतात.

घरच्यांनी एक सोपा प्रश्न विचारावा. हा मुलगा याआधी बारावीला लातूरला किंवा नोकरीला पुण्याला गेला होता, तेव्हा काय झालं होतं? तिथं बरा राहिला असेल, तर जागेचा वाटा मोठा आहे. तिथंही दोन-तीन महिन्यांत खोलीचं दार लावून बसला असेल, तर जर्मनीत वेगळं काही घडेल असं धरून चालणं धोक्याचं.

याला संशोधनाचा आधार आहे. नॉर्वेचे मानसोपचारतज्ज्ञ ऑर्नुल्व ओडेगार्ड यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशी राहिलेल्यांपेक्षा या स्थलांतरितांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त निघालं. मुळात आजाराकडे झुकणारी माणसंच देश सोडत असतील, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे नेदरलँड्समध्ये आलेल्या सुरिनामी लोकांचा हिशेब मांडल्यावर तो तर्क पुरेसा ठरला नाही. २००५ मध्ये कँटर-ग्रे आणि सेल्टेन यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत हा धोका स्थानिकांच्या सुमारे २.७ पट दिसला. एकटेपणा, भेदभाव, समाजात सतत खालच्या पायरीवर असल्याची भावना, ही कारणं तेव्हापासून चर्चेत आहेत. मूळ धोका शंभरात एकाच्या आसपास असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ज्याला हा आजार आधी होऊन गेला आहे किंवा ज्याच्या जवळच्या नात्यात आहे, त्याने हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

कॅलगरीहून पुण्याला

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत या विषयावर उघड बोलणारं एक नाव डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. मूळचे धुळ्याकडचे वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया होता. चांगला पगार, चांगली रुग्णालयं, शांत शहर, सगळं असूनही आजाराची देखभाल वर्षानुवर्षं करावी लागली. वाणी यांनी ती लपवली नाही. १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही याच प्रयत्नांशी जोडलेला आहे. अतुल कुलकर्णी यांनी त्यात आजाराशी झगडणारा शेष उभा केला.

हिंगोलीतल्या सेनगावच्या किंवा औंढ्याच्या कुटुंबाने या उदाहरणातून एक व्यवहारी गोष्ट घ्यावी. परदेशात तग धरायला औषध लागतंच, त्याच्या जोडीला आजाराची पूर्ण कल्पना असलेलं किमान एक माणूस जवळ लागतं. नवरा, बहीण, खोलीतला जोडीदार, कुणीही चालेल. असं माणूस तिकडे नसेल, तर ते शोधणं हे व्हिसाइतकंच महत्त्वाचं काम समजावं.

जाण्याआधीचे महिने

सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून करता येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याखालचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. मानसिक त्रास हा विषय हिंगोलीच्या आरोग्य यंत्रणेला नवा नाही. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू झालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांत हिंगोली होता. गावातल्या आशाताईंना विचारलं तरी रस्ता सापडतो. दवाखान्याची पायरी चढायला संकोच वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू झाली.

डॉक्टरांना 'जाऊ का?' एवढंच विचारून थांबू नये. प्रकृती स्थिर झाली हे कशावरून ओळखायचं? औषध किती काळ चालणार? आजार उलटायला लागला की आधी कोणती लक्षणं दिसतात? ही तीन उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही त्या महिनोनमहिने चालू ठेवाव्या लागतात. त्यामुळे उपचाराची सुरुवात आणि विमानाची तारीख एकाच महिन्यात आणू नये. 'तिकडं गोळ्या घेताना कुणी बघितलं तर?' म्हणून निघण्याच्या आठवड्यात औषध परस्पर बंद करणं हा तर सगळ्यात मोठा धोका.

परदेशाची रंगीत तालीम देशातच होते. पुण्यात किंवा हैदराबादेत तीन-चार महिने एकट्याने राहून बघावं. खोलीचं भाडं, स्वयंपाक, वेळेवर झोप, वेळेवर औषध, महिन्याची डॉक्टरांची भेट, हे सगळं घरच्यांच्या आठवणीशिवाय जमलं, तर आत्मविश्वास खरा आहे. नाही जमलं, तर घरी यायला रेल्वेचं तिकीट पुरतं.

गोळ्यांची पिशवी

चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात. एसिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिकडच्या औषध दुकानात अशी गोळी मिळेलच असं नाही. त्यातलं क्लोनाझेपाम अनेक देशांत नियंत्रित औषध असतं, हे तर रुग्णाला माहीतही नसतं. संयुक्त अरब अमिरातीत क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारखी झोपेची किंवा घबराटीची औषधं नेण्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. जपानमध्ये महिन्याहून जास्त पुरेल इतकं चिठ्ठीवरचं औषध न्यायचं तर आधी मंजुरी लागते, आणि ॲम्फेटामिन असलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेल्या तरी गुन्हा ठरतो. म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडून औषधं सुटसुटीत करून घ्यावीत आणि त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर यादी तपासावी.

पिशवी हाताच्या सामानात ठेवावी, गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात. सोबत इंग्रजीत टाइप केलेलं डॉक्टरांचं पत्र हवं: निदान, औषधांची मूळ नावं, मात्रा, आधी कोणतं औषध चाललं नाही ते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ रुग्णाला आपल्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्क देतो. फाईलची मागणी करताना अवघडून जायचं कारण नाही.

लिथियम घेणाऱ्यांनी आखाती देशांतल्या उन्हाबद्दल डॉक्टरांशी स्वतंत्र बोलावं. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढते, आणि अंगदुखीवर सहज घेतली जाणारी आयब्युप्रोफेनही ती वाढवते. हात थरथरणं, तोल जाणं, उलट्या ही धोक्याची खूण. उघड्यावरच्या बांधकामाचं काम स्वीकारण्याआधीच हा विचार व्हावा.

हिंगोलीच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं धीर देतं, पण औषध मिळवायला ते पुरत नाही. भारताची २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, आणि परदेशातला औषधविक्रेता इथली चिठ्ठी सहसा मानत नाही. तिकडचा डॉक्टर लागतोच.

फॉर्मवरचा रकाना

व्हिसाच्या किंवा वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल विचारलं, तर एजंट सांगतो, 'नाही लिहा.' ही सूचना महागात पडू शकते. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. उपचाराखाली असलेल्या साध्या नैराश्यामुळे व्हिसा नाकारला जाईलच असं नसतं. डॉक्टरांचं 'प्रकृती स्थिर' असल्याचं पत्र जोडलं, तर अर्जाला बळ मिळतं. आखाती देशांच्या कामगार तपासणीचे निकष मात्र कडक असतात, म्हणून एजंटाला पैसे देण्याआधीच ते समजून घ्यावेत.

विम्याचा कागद वाचताना 'आधीपासूनचे आजार' हे कलम आधी शोधावं. भारतातल्या विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. परदेशी विद्यापीठाच्या किंवा प्रवासाच्या विम्यावर मात्र हा नियम चालत नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि त्या बदल्यात सरकारी आरोग्यसेवा मिळते. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवलं नाही, तर भरलेले पैसे ऐन वेळी उपयोगी पडत नाहीत.

सोयरीक परदेशात जुळते तेव्हा याच रकान्याचं घरगुती रूप समोर येतं. सासरी आजार सांगितलेला नसतो, मग गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, आणि लपवलेली गोळी लवकरच सुटते. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या बहुतेक बायकांना नोकरी करता येत नाही. दिवसभर बंद घर, भाषेचा अडसर, हिमवर्षाव आणि हातात स्वतःचा पैसा नाही, ही परिस्थिती धडधाकट माणसालाही जड जाते. लग्नाआधी दोन्ही घरांच्या समोर डॉक्टरांना बसवून झालेलं बोलणं पुढचं बरंच काही वाचवतं.

कर्ज आणि परतीची वाट

मनाची तब्येत बिघडूनही माणूस परत येत नाही, याचं कारण अनेकदा सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. जमीन गहाण पडलेली, सावकाराचं व्याज चालू, गावभर पेढे वाटून झालेले. 'आता कोणत्या तोंडाने परतू?' हा प्रश्न आजाराइतकाच घातक ठरतो. त्यामुळे खर्चाचा हिशेब करताना परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिन्यांच्या जगण्याचे पैसे वेगळे काढावेत. त्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये. जर्मनी विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवायला लावतं. त्यापलीकडे कर्जाचा हप्ता काढायचा असेल, तर अभ्यास आणि झोप दोन्ही खाऊन काम करावं लागतं.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'स्थलांतर तपासणी आवश्यक', अशी नोंद असते. त्यांना आखातासह ठराविक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत दहा लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. मानसिक उपचारांचा खर्च मात्र त्यावर विसंबून ठेवू नये.

पहिला हिवाळा

प्रवासातच जपायला लागतं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून मनोरुग्णालयात न्यावं लागलेल्या प्रवाशांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वेकडून पश्चिमेकडे आलेल्यांत नैराश्य अधिक आढळलं. भारतातून युरोपला जाणं म्हणजे हीच दिशा. बायपोलर आजार असलेल्यांची झोप मोडली की आजार उसळू शकतो, म्हणून शक्य असेल तर रात्रीचं लांबलचक विमान टाळावं आणि गोळीची वेळ नव्या घड्याळाशी कशी जुळवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

मग येतो अंधार. हिंगोलीत डिसेंबरमधला सगळ्यात छोटा दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्टमध्ये तो सव्वाआठ तासांवर येतो. नॉर्मन रोझेन्थाल हे डॉक्टर १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला गेले. दर हिवाळ्यात आपण मंदावतो हे त्यांना तिथं जाणवलं, आणि १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ऋतूशी जोडलेल्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यावर सकाळी तेजस्वी दिव्यासमोर बसण्याचा उपचार आहे, पण बायपोलर असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सकाळच्या उजेडात अर्धा तास चालायला मात्र चिठ्ठी लागत नाही. शक्य असेल तर वसंतात पोहोचावं, म्हणजे अंधार येईपर्यंत ओळखी झालेल्या असतात.

ओळखी आपोआप होत नाहीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था १९८१ पासून. गणपतीत एकदा तोंड दाखवून भागत नाही. दर आठवड्याला एका ठराविक जागी, ठराविक माणसांत जाण्याची सवय लावावी, मग ते मंडळ असो, क्रिकेटचा संघ असो, गुरुद्वाऱ्याचा लंगर असो. डॉक्टरांकडे जाताना दुभाषा मागता येतो. ब्रिटनच्या सरकारी सेवेत तो फुकट मिळतो, आणि मराठी नसेल तर हिंदी जाणणारा सापडतो.

फोन आला तर

घरच्यांनी रोज 'जेवलास का?' विचारावंच. सोबत आठवड्यातून एकदा झोप, गोळ्या आणि डॉक्टरांची पुढची तारीख हे तीन प्रश्न आडपडदा न ठेवता विचारावेत. आवाज मंद झाला, पैसे पाठवणं अचानक थांबलं किंवा अचानक खूप वाढलं, रात्री तीनला मेसेज येऊ लागले, की तिकडच्या त्या एका माहीतगार माणसाला फोन लावावा. त्याचा क्रमांक, घरमालकाचा, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा आणि भारतीय दूतावासाचा, असे चार क्रमांक घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आधीच असावेत.

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर वाद घालू नये, उपदेश करू नये. फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून मदत बोलवावी. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३, जर्मनीत ०८०० १११ ० १११ आणि जिवाला धोका असेल तर ११२. टेलिमानसचा १४४१६ देशांतर्गत क्रमांक आहे. घरी हादरलेल्या आई-वडिलांना त्याचा उपयोग होतो.

परत यावं लागलं तर दूतावासाची मदत मिळू शकते. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयांना तातडीचे उपचार, तात्पुरता निवारा आणि विमानाचं तिकीट देता येतं. तक्रार 'मदद' पोर्टलवर घरूनही नोंदवता येते. उतरल्यावर सत्यनारायण आणि पाहुण्यांची रीघ महिनाभर पुढे ढकलावी. पहिल्या आठवड्यात जुनी फाईल आणि तिकडच्या डॉक्टरांचे कागद घेऊन पुन्हा त्याच ओपीडीत जावं. पुन्हा परदेशी जायचं की इथंच काम बघायचं, हे झोप आणि भूक ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांसोबत बसून ठरवता येतं.